गावातून जाणारा महामार्ग: ब्रेकर आणि पादचारी पुलाआधी मागायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातलं सात-आठ हजार वस्तीचं गाव. मधून दुपदरी राष्ट्रीय महामार्ग जातो आणि तो अलीकडेच सिमेंटचा झाला. गाव एका अंगाला. शाळा, एसटी थांबा आणि आठवडी बाजार दुसऱ्या अंगाला. रस्ता झाल्यापासून कोळशाचे टिप्पर आणि कार सुसाट जातात, पायी माणसांचे अपघात झाले, रास्ता रोकोही झाला. गाव म्हणतं ब्रेकर द्या, नाहीतर पादचारी पूल द्या. महामार्गाचं कार्यालय म्हणतं ब्रेकर नियमात बसत नाही आणि पुलाला निधी नाही. मग मागायचं काय?

मागणी थोडी बाजूला ठेवून आधी बिघडलं काय ते पाहू. जुना डांबरी रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा होता, त्यामुळे गाड्या गावात आपोआप ३०-४० वर यायच्या. नवा रस्ता ७ मीटरचा, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची पक्की कड, म्हणजे सलग १० मीटर गुळगुळीत सिमेंट. गावाबाहेर जसा, तसाच गावात. ड्रायव्हरला फरक दिसेल असं काहीच नाही, म्हणून तो शेतातून ज्या वेगाने आला त्याच वेगाने बाजारातून जातो. बोर्डावर ४० लिहिलेलं असलं तरी.

ताशी ८० किमीने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. ड्रायव्हरने माणूस पाहिल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत, भारतीय रोड काँग्रेसच्या (रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या) हिशेबाने, या वेगाला १२० मीटर लागतात. वेग ४० असेल तर ४५ मीटर पुरतात. आता पायी माणसाचं बघा. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हातारी बाई ०.९ मीटर. तिला १० मीटर ओलांडायला ११ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ८० ची गाडी २४५ मीटर येते. म्हणजे पाऊल टाकण्याआधी दोन्ही बाजूंना पाव किलोमीटर रस्ता मोकळा आहे याची तिला खात्री हवी. पानठेल्याच्या आणि उभ्या ट्रकच्या आडून तेवढं दिसतच नाही. धडक बसलीच, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ५० च्या वेगाला प्रौढ माणूस दगावण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आत असते. ८० च्या वेगाला ती ६० टक्क्यांच्या आसपास जाते. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती.

तेव्हा कामं मुख्यतः दोन. गावाच्या हद्दीत गाड्या खरोखर ४० वर आणायच्या, आणि माणसाला एका वेळी एकाच दिशेची वाहतूक ओलांडावी लागेल अशी सोय करायची. खाली जे काही सांगतो आहे ते या दोहोंपैकी एकाला टेकू देणारं आहे.

काही गोष्टी तुमच्या गावाच्या परिस्थितीवर ठरतील. रस्त्यासाठी संपादित जागा किती आणि त्यातली अतिक्रमणात किती; पाणी कुठल्या बाजूला उतरतं; वळणरस्ता (गावाबाहेरून जाणारा बायपास) मंजूर आहे का; जड गाड्यांचं प्रमाण किती. चौपदरी रस्ता असता तर उत्तर बरंच वेगळं झालं असतं, तिथे भुयारी मार्ग किंवा सिग्नलकडे जावं लागतं. मी दुपदरी, सिमेंटचा आणि काळ्या मातीतला रस्ता धरून लिहितो आहे.

अर्ज लिहिण्याआधी दोन-तीन दिवस मोजणी करा. याला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा आणि गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदात जाते ते मोबाइलवर मोजा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो: ३ सेकंद लागले तर ६०, सव्वादोन लागले तर ८०, साडेचार लागले तर ४०. हाताने बटण दाबताना चूक होते, म्हणून व्हिडिओ काढून नंतर मोजलेलं बरं. मोजणारा माणूस झाडाआड किंवा ओट्यावर बसलेला असावा. रस्त्यावर वही घेऊन उभं राहिलं की गाड्या हळू होतात आणि आकडा खोटा पडतो. मोकळ्या जाणाऱ्या १०० गाड्या घ्या, ट्रकमागे अडकलेल्या नकोत. वेग उतरत्या क्रमाने लावले की वरून पंधरावा आकडा तुमचा खरा आकडा. १०० पैकी ८५ गाड्या त्या वेगाच्या आत असतात आणि अभियंते तोच धरतात.

दुसरी मोजणी माणसांची. जिथे ओलांडतात त्या १०० मीटरच्या पट्ट्यात, गर्दीच्या चार तासांत, तासाला किती माणसं ओलांडतात आणि दोन्ही दिशांनी मिळून किती वाहनं जातात. माणसांचा आकडा गुणिले वाहनांच्या आकड्याचा वर्ग, हे उत्तर १० कोटींच्या वर गेलं की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर नियंत्रित क्रॉसिंगचा (जिथे गाड्या थांबवून माणसं सोडतात) विचार करावा असा जुना ठोकताळा आहे. तासाला २०० माणसं आणि ८०० वाहनं असतील तर १२ कोटी ८० लाख येतात. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस वेगळे मोजा. पण हा आकडा कमी आला म्हणून माघार घेऊ नका. जिथे ओलांडायला भीती वाटते तिथे लोक ओलांडणंच टाळतात, पोरांना गाडीवर नेऊन सोडतात, आणि मोजणीत रस्ता सुरक्षित दिसतो.

आता ब्रेकर. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नकोत, ही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची भूमिका आहे, आणि इथे कार्यालयाचं म्हणणं मला पटतं. रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येची गोलाई, आणि तो २५ च्या वेगाने ओलांडण्यासाठी आखलेला असतो. आंदोलनानंतर रातोरात पडतो तो हा नसतो. तो असतो फूट-दीड फूट रुंदीचा, वीतभर उंचीचा डांबराचा उंचवटा, ना रंग, ना बोर्ड. त्यावर मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाया मागे फेकल्या जातात. भरलेला टिप्पर अचानक ब्रेक मारतो आणि मागची कार त्याखाली जाते. दुचाक्या ब्रेकर चुकवायला कडेच्या मातीवर उतरतात, म्हणजे नेमक्या पायी माणसांत. बरं, दोन ब्रेकरच्या मधे गाड्या पुन्हा ६०-७० धरतातच.

ब्रेकर हवाच असेल तर महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यांवर घाला. तिथे तो चालतो आणि उपयोगीही पडतो, कारण गल्लीतून थेट महामार्गावर उसळणारी दुचाकी हाही मोठा धोका आहे. फक्त तो महामार्गाच्या कडेला चिकटवू नका. ब्रेकर ओलांडून गाडी उभी राहील आणि ड्रायव्हरला दोन्हीकडे बघता येईल एवढी जागा पुढे ठेवा.

महामार्गावर वेग उतरवायचा तो गावाच्या दाराशी. दार म्हणजे ग्रामपंचायतीची हद्द नव्हे. जिथून डोळ्यांना वस्ती दिसू लागते ती जागा. हद्दीचा बोर्ड बऱ्याचदा शेतात असतो. तिथे ४० लिहिलं तर ड्रायव्हर पहिल्या शंभर मीटरमध्येच त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ८० वरून ४० वर सावकाश यायला, बोर्ड वाचून समजायचा वेळ धरून, सुमारे १८० मीटर लागतात. म्हणून दारापासून दोनशे मीटर आधी ६० चा बोर्ड आणि पुढे गाव असल्याची सूचना, मग थर्मोप्लास्टिकच्या (गरम करून रस्त्यावर ओतायच्या रंगाच्या) जाड आडव्या पट्ट्यांचे दोन-तीन संच, आणि दारात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ४० चे मोठे बोर्ड, गावाच्या नावासकट. पट्ट्यांचे संच दाराच्या दिशेने जवळजवळ येत गेले पाहिजेत. त्यांचा खडखडाट रात्री ऐकू येतो, म्हणून घराच्या ओसरीसमोर घालू नका. लोकच आठ दिवसांत खरडायला लावतील.

पण पट्ट्या ड्रायव्हरला फक्त जागं करतात. वेग खाली ठेवतो तो रस्त्याचा दिसणारा अरुंदपणा. दारापासून आत कडेची पांढरी रेघ आत सरकवून लेन ३.२५ मीटरची करायची. बस आणि ट्रक कायद्याने २.६ मीटरपेक्षा रुंद नसतात, म्हणजे त्या मावतात. पण ८० ने जाताना ड्रायव्हरला अवघडायला होतं, आणि तेच हवं आहे. उरलेली पक्की कड रेघेबाहेर, सायकल आणि बंडीसाठी. हा परिणाम दोन-तीनशे मीटरवर ओसरतो. तेव्हा गाव लांबट असेल तर मधेमधे पुन्हा काहीतरी हवं: मधलं बेट, क्रॉसिंग, पुन्हा बोर्ड.

४० चा बोर्ड लावायला अधिसूचना लागते हे विसरू नका. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर कारला ७० आणि मालवाहू गाडीला ६० ची मुभा आहे. त्यापेक्षा कमी मर्यादा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली लावून घ्यावी लागते. नाहीतर पोलिसांना चलन फाडता येत नाही आणि बोर्ड नुसता शोभेचा राहतो.

मधलं बेट ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट, आणि गावं ती सहसा मागतच नाहीत. जिथे लोक ओलांडतात तिथे रस्त्याच्या मधोमध २ मीटर रुंदीचा, कर्बचा (सिमेंटच्या उंच काठाचा) उभं राहण्यापुरता भाग. आजीबाई निम्मा रस्ता ओलांडते, बेटावर थांबते, दुसरीकडे बघते, मग उरलेला ओलांडते. २ मीटर यासाठी की सायकल आडवी मावते. एक मीटरच्या बेटावर सायकलचं मागचं चाक लेनमध्ये राहतं. बेटाच्या दोन्ही बाजूंना कर्बपासून पक्क्या कडेपर्यंत साडेचार मीटर ठेवा. त्यासाठी १० मीटरचं सिमेंट पुरत नाही, दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर वाढवावं लागतं, बेटाच्या लांबीपुरतं आणि आधी-नंतर निमुळतं करत. चार मीटरमध्ये काम भागेल असं कोणी म्हणेल. सोयाबीनच्या आणि गव्हाच्या हंगामात पुढचं कटर न काढता जाणारे हार्वेस्टर आठवा. त्यांचं कटर चौदा फुटी, म्हणजे सव्वाचार मीटरच्या पुढेच. ते अडकले की पहिल्याच हंगामात बेट फोडलं जातं. साडेचार मीटरपैकी लेन रंगाने ३.२५ चीच दाखवायची. रुंद गाडी रेघेवरून जाऊ शकते, कारवाल्याला मात्र रस्ता अरुंद दिसतो.

हिशेब पाहा. साडेचार मीटर ०.९ च्या चालीने ५ सेकंदांत होतात, आणि ४० ने येणारी गाडी तेवढ्यात ५५ मीटर येते. २४५ मीटर मोकळा रस्ता शोधण्याच्या जागी ५५ मीटर, तेही एकाच बाजूला.

बेट चुकतं ते तपशिलात. ओलांडायची वाट बेटात रस्त्याच्याच पातळीवर कापलेली असावी, ३ मीटर रुंद, पायरी नको. दुधाच्या कॅन लटकवलेली सायकल आणि व्हीलचेअर पायरी चढत नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना बेट आठ-दहा मीटर लांब हवं, नाहीतर गाड्यांना ते दिसत नाही. टोकाला डावीकडून जा असा बाण, पिवळे-काळे पट्टे, परावर्तक फलक, आणि त्याआधी चाळीस-पन्नास मीटर रस्त्यावर तिरप्या रेघांचा निमुळता पट्टा व परावर्तक बटणं. हे सगळं बेटाच्या दिवशीच झालं पाहिजे. आधी कर्ब बांधायचा आणि बोर्ड नंतरच्या निविदेत टाकायचे, असं केलं की रात्रीचा ट्रक बेटावर चढतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणतं की बेटच धोकादायक. शिवाय बेटावर बोगनवेल लावू नका. पहिलीतलं पोर सव्वा मीटरही उंच नसतं, ते झाडाआड दिसत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स तर नकोच नको.

झेब्रा पट्टे बेटाच्या वाटेला जोडून, ३ ते ४ मीटर रुंद, थांबरेघ दोन-तीन मीटर आधी. सिमेंटच्या रस्त्यावर यात एक खोट आहे: राखाडी सिमेंटवर पांढरा रंग दुपारच्या उन्हात दिसत नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधली जागा काळी रंगवून घ्या. सिमेंटवर थर्मोप्लास्टिक थेट धरत नाही, आधी प्रायमर लागतो. तो वाचवला की पहिल्या पावसाळ्यात पट्टे पापुद्र्यासारखे सुटतात. आणि वेग न उतरवता नुसता झेब्रा रंगवू नका. ओलांडणाऱ्याला तो हक्क वाटतो, ८० च्या ड्रायव्हरला मात्र तो नुसता रंग असतो.

आता कड. विदर्भातल्या बहुतेक गावांत माणूस मरतो तो ओलांडतानाच असं नाही. रस्त्याच्या कडेने चालतानाही मरतो. तो सिमेंटवरून का चालतो, हे विचारायला हवं. सिमेंटच्या थरामुळे रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीत-दीड वीत उंच झाला. कडेला भरलेला मुरूम पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून गेला, खाली काळी माती उघडी पडली. पावसात तिथे चप्पल रुतते, उन्हाळ्यात भेगा पडतात. माणूस सिमेंटवर येणारच. कडेची ही उतरंड दुचाकीलाही घातक आहे: चाक खाली उतरलं की वर घेताना गाडी घसरते.

इथे पदपथ हवा, निदान बाजार ते थांबा ते शाळा एवढ्या लांबीत. चालायला मोकळी रुंदी १.८ मीटर, बाजारपेठेत अडीच. उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, दुकानाच्या पायरीएवढा केला की लोक खालूनच चालतात. काळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक थेट बसवले तर दोन वर्षांत लाटा येतात, कारण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. ४५ सेंटिमीटर माती काढा, १५-१५ च्या थरांत मुरूम भरून दाबा, वर गिट्टीचा थर, मग अडीच-तीन सेंटिमीटर चुरी आणि वर ब्लॉक. नुसती माणसं चालणार असतील तर ६० मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात. पण गावात त्यावर टेम्पो चढणार हे धरूनच चला आणि ८० चे मागा. सर्वांत महत्त्वाचं, नाली आधी आणि पदपथ नंतर. नाली झाकून तिच्यावरच पदपथ करणं जागेच्या दृष्टीने चांगलं, अट एवढीच की झाकणाचे स्लॅब दोन माणसांना उचलता येतील असे सुटे हवेत. अखंड स्लॅब ओतला की नाली तुंबल्यावर तो फोडतात, आणि ते भोक मग तसंच राहतं.

पानठेले आणि चहाटपऱ्या हटवा असं मी म्हणत नाही. ते हटवले तरी आठवड्यात परत येतात, आणि रात्री नऊपर्यंत त्यांच्याच उजेडात लोक ओलांडतात. फक्त क्रॉसिंगच्या आधीचे वीस मीटर, गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, पूर्ण मोकळे ठेवा. तिथे एक उभा ट्रक म्हणजे अडीच मीटर रुंदीची भिंत. बोर्डाने हे होत नाही, जमिनीत रोवलेल्या सिमेंटच्या खुंट्यांनी होतं. ठेलेवाल्यांना क्रॉसिंगच्या पलीकडची जागा आखून द्या.

एसटी, काळीपिवळी आणि ऑटो यांचं उलट. थांबा क्रॉसिंगच्या पुढे हवा, म्हणजे उतरलेली माणसं बसच्या मागून ओलांडतील. बसच्या तोंडासमोरून ओलांडणारा माणूस ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीला शेवटच्या क्षणी दिसतो. दोन्ही दिशांचे थांबे समोरासमोर नकोत. प्रत्येक बस क्रॉसिंग ओलांडून थांबली की ते आपोआप विरुद्ध अंगांना सरकतात. काळीपिवळीवाले मात्र प्रवासी जिथे उभे तिथे थांबतात. म्हणून निवारा, सावली आणि पाण्याचा रांजण नव्या जागी आधी न्या, बोर्ड मागाहून.

शाळेचं फाटक थेट महामार्गावर उघडत असेल तर ते बाजूच्या गल्लीत वळवता येतं का ते पहिल्यांदा बघा. मोठं काम नाही, आणि फायदा कायमचा. ते जमत नसेल तर फाटकासमोर पंधरा-वीस मीटर कठडा घाला, म्हणजे सुटल्यावर पोरं धावत सरळ रस्त्यावर न येता कडेने क्रॉसिंगपर्यंत जातील.

रात्रीचं दोन गोष्टींत आवरतं घेतो. हायमास्ट चौक उजळतो, क्रॉसिंग नाही. ९ मीटरचे खांब २७-३० मीटरवर, आणि क्रॉसिंगचा दिवा गाडी येते त्या बाजूला, थोडा आधी, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो. दिवा माणसाच्या मागे असेल तर माणूस नुसता सावलीसारखा दिसतो. बिल कोण भरणार याचा ठराव दिवे लागण्याआधी करून घ्या. सौर ब्लिंकर (लुकलुकणारा इशाऱ्याचा दिवा) स्वस्त आणि पटकन मिळतो, पण त्याची बॅटरी काही वर्षांतच बसते, आणि बंद ब्लिंकरखाली ड्रायव्हरला सगळं आलबेल वाटतं. जोडीला कापसाच्या हंगामात ट्रॉल्यांना आणि बंड्यांना मागून लाल परावर्तक पट्टी चिकटवायची मोहीम बाजार समितीच्या फाटकावरच घ्या. तिथे प्रत्येक गाडी थांबतेच.

पादचारी पुलाचा आग्रह सोडा असं मी का म्हणतो, तेही आकड्यातच सांगतो. महामार्गावर खालून साडेपाच मीटर मोकळी उंची लागते. पुलाची जाडी धरून चालायची पातळी सुमारे साडेसहा मीटरवर जाते. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या चाळीसहून जास्त पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. उतार केला तर बारास एक या प्रमाणात प्रत्येक बाजूला ७८ मीटर. १० मीटरचा रस्ता ओलांडायला एवढं कोणी मे महिन्याच्या ४५ डिग्रीत करत नाही, डोक्यावर बाजाराचं गाठोडं असेल तर हिवाळ्यातही नाही. पुढे खालून ओलांडू नये म्हणून रस्त्याला जाळी लावतात, मग जाळी कापली जाते, आणि त्या भोकातून ओलांडणारा माणूस ड्रायव्हरला अपेक्षितच नसतो. चौपदरीत भराव उंच असेल तर भुयारी मार्ग चांगला, पण त्यातलं पाणी कुठे जाणार याचं उत्तर नकाशात दिसल्याशिवाय संमती देऊ नका.

वळणरस्त्याची वाट बघत बसू नका. तो झाला तरी जुना रस्ता गावातच राहतो, रिकामा आणि रुंद, म्हणजे दुचाक्यांना आणखी मोकळा. तसा प्रस्ताव असेल तर जुना तुकडा राज्याकडे सोपवण्याआधी केंद्राच्या पैशातून एकदा सुधारून दिला जातो. त्या कामाच्या अंदाजपत्रकात बेटं, पदपथ आणि नाली आत्ताच घालायला सांगा.

कागदाचं काम. रस्ता कोणाचा ते किलोमीटरच्या दगडावर कळतं: पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्ग, हिरवं राज्य महामार्ग. पिवळं असलं तरी तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, हे विचारून घ्या. अर्ज चुकीच्या टेबलावर सहा महिने पडून राहण्याचं हेच कारण असतं. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) चालू आहे का तेही विचारा. कडेची उतरंड आणि उडालेले पट्टे त्यात बसतात, वेगळा निधी लागत नाही. अर्जात जागा "शाळेजवळ" अशी लिहू नका, दगडावरून मोजून किलोमीटर आणि मीटर लिहा. पोलीस आता अपघात ई-डार प्रणालीत अक्षांश-रेखांशासह नोंदवतात, तिथून गेल्या तीन वर्षांची यादी मागा. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले असतील तर ती जागा अपघातप्रवण ठिकाण ठरते आणि निधीची वाट सोपी होते. त्यात बसत नसेल तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावा आणि रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण (तज्ज्ञांकडून रस्त्यातल्या धोक्यांची तपासणी) लेखी मागा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८-अ रस्त्याच्या आखणीतल्या कसुरीला एक लाखापर्यंत दंड सांगतं. त्याचा उल्लेख एका ओळीत पुरे, धमकीचा सूर नको.

अभियंता साशंक असेल तर बेट आधी तात्पुरतं करून बघायला सांगा: वाळू भरलेले ड्रम, शंकू, रंगाच्या रेघा, परावर्तक पट्ट्या, आणि पहिले काही दिवस रात्री माणूस. हे खात्यानेच करायचं, गावाने परस्पर ड्रम ठेवले तर पुढच्या अपघाताची जबाबदारी गावावर येते. सहा आठवड्यांनी त्याच ५० मीटरच्या खुणांमध्ये पुन्हा १०० गाड्या मोजा. पंधरावा आकडा ४५ च्या आत आला असेल तर तिथे पक्कं बेट मागा. ५५ च्या वर राहिला तर दारातलं अरुंदीकरण कमी पडतं आहे, ते दुरुस्त होईपर्यंत झेब्रा रंगवू देऊ नका. मातीचं आणि नालीचं काम मे अखेरीस संपलं नाही तर ते दिवाळीनंतर सरकतं. तेव्हा त्याचा अर्ज वेगळा करून आधी द्या, आणि रंगाचं काम पाऊस गेल्यावर, कापूस बाजारात यायच्या आत करून घ्या.